साडी नेसलेली मेरी परकी कशी?

१/८ पुणे जिल्ह्याच्या कलेचा इतिहास म्हटला की आपण लेणी, मंदिरे आणि वाडे मोजतो. याच जिल्ह्यात विसाव्या शतकात एका चित्रकाराने ख्रिस्तकथेला भारतीय चेहरा दिला. त्यांचे नाव आंजेलो द फोन्सेका. त्यांची चित्रे आपल्याच परंपरेत मोजली जावीत, असे माझे मत आहे. त्याची कारणे या थ्रेडमध्ये.

२/८ फोन्सेका यांचा जन्म १९०२ सालचा, गोव्यातील सांत इस्तेवचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्या प्रभावाखाली त्यांची शैली घडली. त्यांची मेरी साडी नेसते, तिचा वर्ण सावळा असतो. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात अनेक धर्माभिमान्यांना हे रुचले नाही. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आले. १९६७ साली ते निवर्तले. पुणे हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

३/८ आक्षेप असा की, पॅलेस्टाइनची स्त्री साडी कशी नेसेल? पण राफाएलच्या मेरीमागे दिसणारा निसर्गही इटलीचाच आहे. ज्या रूपाला आपण ‘मूळ’ समजतो, तेही एका प्रदेशाने आपल्या सोयीने घडवलेले आहे.

४/८ शब्दांत हे रूपांतर फार पूर्वीच झाले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, तेही ओवीबद्ध. ओवीतला ख्रिस्त ज्यांना मानवला, त्यांना साडीतली मेरी खटकण्याचे कारण नव्हते.

५/८ बारामतीला हे नवे नाही. येथे राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामकथा नाना रूपांत रचली. परंपरा त्यांच्या नावे १०८ रामायणे मोजते. कथा तीच, घडण दर वेळी निराळी. आपण त्याला भक्ती म्हणतो.

६/८ फोन्सेकांवरील एक टीका मात्र गंभीर आहे. आश्रमीय ‘भारतीयता’ बहुधा उच्चवर्णीय संस्कृतीतून घेतली गेली. महाराष्ट्रातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे तर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील. त्यांच्या आजीचा चेहरा या चित्रांत कितपत दिसतो?

७/८ यावर उपाय निळ्या डोळ्यांच्या मेरीकडे परतण्याचा नाही, पुढे जाण्याचा आहे. गोव्याच्याच फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी १९५९च्या ‘क्रूसिफिक्शन’मध्ये उग्र, भेसूर ख्रिस्त रंगवला. सौम्यतेपलीकडचे सत्यही या प्रतिमा पेलू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

८/८ दर हिवाळ्यात बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. परमुलखात आलेले जोडपे, निवाऱ्याची वानवा आणि उघड्यावरचे तान्हे मूल: नाताळची कथा याहून फार वेगळी नाही. उद्या कोणी तरुण चित्रकाराने त्या कोपीतली मेरी रंगवली, तर तिला परकी म्हणण्यापूर्वी पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये जतन केलेली फोन्सेकांची चित्रे पाहावीत.