बिनकुलपाचा विश्वास आणि डोंगरातले सात दिवस

शनिशिंगणापूर हे नेवासे तालुक्यातील गाव बिनदारांच्या घरांमुळे देशभर ओळखले जाते. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो, ही तेथील श्रद्धा. तरीही २०११ मध्ये युको बँकेने गावात बिनकुलपाची शाखा उघडली, तेव्हा रोकड सुरक्षित ठेवण्याची वेगळी तजवीज केलीच. २०१५ मध्ये तेथे पोलीस ठाणेही आले. श्रद्धा कायम राहिली; पण तिच्या जोडीला व्यवस्था उभी करावी लागली.

याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, निराळ्या प्रकारचा विश्वास पणाला लागतो. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड आणि साम्रदची सांदण दरी यांच्या ओढीने शहरांतील मुले साहस शिबिरांसाठी या भागात येतात. पालक पैसे भरतात, संमतिपत्रावर सही करतात आणि आपले मूल आठवडाभरासाठी अनोळखी माणसांच्या हाती सोपवतात. शिंगणापूरचा गावकरी उघड्यावर ठेवतो ती आपली चीजवस्तू. येथे सोपवला जातो तो जीव.

या विश्वासाला तडा गेल्यास काय होते, हे ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात दिसले. सहलीला गेलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहल आयोजक बियास नदीत वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून अचानक पाणी सोडण्यात आले होते. पुढे हिमाचल उच्च न्यायालयाने भरपाईचा भार वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य शासन या तिघांवर टाकला. मुलांना घराबाहेर नेणाऱ्या संस्थेची जबाबदारी आयोजक नेमल्याने संपत नाही, हा त्या निकालाचा बोध होय.

महाराष्ट्रात नियमांचा प्रवास अडखळत झाला. साहसी उपक्रमांसाठी २०१४ आणि २०१८ मध्ये शासन निर्णय निघाले. त्यांतील अटी व्यवहार्य नाहीत, असा आक्षेप गिर्यारोहण क्षेत्रातून घेतला गेला. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांचा त्यात समावेश असून आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक करण्यात आली.

मात्र नोंदणीचा कागद कड्यावर उभा राहत नाही. दोर किती जुना आहे, रॅपलिंग करताना सुरक्षेचा दुसरा दोर बांधला आहे का, शिरस्त्राण डोक्याला घट्ट बसते का, हे जागेवरच पाहावे लागते. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेतील प्राथमिक अभ्यासक्रमालाच सुमारे चार आठवडे लागतात. तेव्हा दोन-चार गडांवर जाऊन आलेला हौशी तरुण प्रशिक्षक ठरू शकत नाही. सांदणसारख्या चिंचोळ्या घळीत पाऊस पडताच पाण्याचा लोंढा येऊ शकतो. अशा वेळी बेत रद्द करण्याचा अधिकार कोणाला, हे शिबिर सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

म्हणूनच पालकांनी प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. किती मुलांमागे एक प्रशिक्षक? त्याचे शिक्षण कोठे झाले? जवळचे रुग्णालय किती अंतरावर, आणि रात्री-अपरात्री तेथवर नेणारे वाहन तळावर उभे असते का? या प्रश्नांची उत्तरे देता येत नसतील, तर शुल्क कितीही कमी असले तरी ते शिबिर महागच. स्वस्ताईच्या स्पर्धेत पहिली कात्री लागते ती प्रशिक्षकांच्या संख्येला आणि साधनांना. वाटा, ओढे आणि पावसाची लक्षणे जाणणाऱ्या स्थानिक आदिवासी तरुणांना केवळ ओझी वाहण्यापुरते न ठेवता प्रशिक्षण देऊन वाटाडे म्हणून सामील केले, तर सुरक्षितता आणि रोजगार दोन्ही साधतील.

भीतीपोटी शिबिरेच बंद करणे हा उपाय नाही. चार भिंतींत आणि पडद्यासमोर वाढणाऱ्या मुलांना डोंगर हवाच. तेथे थोडा धोका असणार. आयोजकांच्या निष्काळजीपणाने तो वाढू नये, एवढेच मागणे आहे. बिनदारांच्या गावालाही पोलीस ठाणे लागले. मग कड्यावर लोंबकळणाऱ्या मुलाची सुरक्षा एकट्या भरवशावर कशी सोडता येईल?