वकील दावर आणि न्यायमूर्ती दावर

मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली, त्याच्या बाहेर १९५६ साली एक संगमरवरी शिला बसवण्यात आली. तिच्यावर आरोपीचे शब्द कोरलेले आहेत, न्यायाधीशाचे नाहीत. निकाल देणारे न्यायमूर्ती दिनशा दावर आज फार थोड्यांच्या स्मरणात असतील. तरीही त्यांची कारकीर्द पुन्हा तपासावी अशी आहे. राजकीय खटल्यांत न्यायासन आणि राज्यसत्ता यांचे नाते कसे जुळते, हे तिच्यावरून लख्ख दिसते.

१८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा दावर हे टिळकांचे वकील होते. जामिनाचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. दावर यांनी तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तैयबजी यांच्यापुढे नव्याने मांडला. आरोपी खटल्याला हजर राहावा, एवढाच जामिनाच्या प्रश्नातला मुद्दा; तशी खात्री असेल तर गुन्हा शाबीत होण्यापूर्वीच त्याला कोठडीत डांबणे अन्याय ठरेल, असे हे तत्त्व होते. तैयबजींनी जामीन दिला. पुढे न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा कायद्याचा अर्थ ज्यूरीला सांगितला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

अकरा वर्षांनी तेच टिळक पुन्हा आरोपी होते. मुझफ्फरपूरच्या बाँबप्रकरणानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांसाठी २४ जून १९०८ रोजी त्यांना अटक झाली. या वेळी दावर न्यायासनावर होते. बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला. दावर यांनी तो नाकारला. लेख मराठी, तर खास ज्यूरीत बहुसंख्य युरोपीय येणार, हा बचावपक्षाचा आक्षेपही त्यांनी मानला नाही. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी बसले. टिळकांनी स्वतःचा बचाव एकवीस तासांहून अधिक वेळ मांडला. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला. शिक्षा देताना दावर यांनी लेखकाची बुद्धी विकृत ठरवली, आणि आपण दाखवलेली दया लोकांना अनाठायी वाटेल, असेही बोलून दाखवले. पुढे सरकारने त्यांना ‘सर’ केले. त्यानिमित्त वकिलांनी मेजवानी योजली, तेव्हा अशा न्यायाधीशाचा गौरव करण्याची वकीलवर्गाला लाज वाटली पाहिजे, असे जिनांनी लिहून कळवले. छागलांनी आपल्या आठवणींत याची नोंद केली आहे.

दावर यांना कायदा कळत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. जामिनाचे तत्त्व त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणूनच दोष अज्ञानाचा नव्हे. साम्राज्यशाहीने न्यायालय उभारले होते ते आपली सत्ता टिकवण्यासाठी. त्या आसनावर बसलेल्या माणसाकडून तिची अपेक्षाही तीच होती. परंतु व्यवस्थेकडे बोट दाखवून व्यक्तीची सुटका होत नाही. त्याच न्यायालयात तैयबजी होते. त्याच न्यायालयात १९१६ साली न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी टिळकांविरुद्धचा जामीनकीचा हुकूम रद्द केला. वाट होती, दावर यांनी ती घेतली नाही.

त्या निकालावरचे खरे अपील मुंबईच्या गिरणी कामगारांनी केले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे एक दिवस, असा सहा दिवसांचा संप त्यांनी पुकारला आणि लष्कराच्या गोळ्या झेलल्या. भारतातला कामगारवर्ग जाणीवपूर्वक राजकीय लढ्यात उतरला आहे, हे लेनिनने याच संपावरून त्याच वर्षी ओळखले.

हा इतिहास शिळेपुरता उरलेला नाही. दावर यांच्या निकालाला शंभर वर्षे झाली, त्याच २००८ साली बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात कलम ४३ड(५) घालण्यात आले. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामीन नाकारायचा, असे ते सांगते. तैयबजींपुढे मांडलेले तत्त्व त्याने उलटे केले. भीमा-कोरेगाव प्रकरणातील ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी बंदिवासातच वारले. खटला सुरूही झाला नव्हता; त्यांचा जामीनअर्ज याच मुंबई उच्च न्यायालयापुढे होता. राजद्रोहाचे कलम २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगित ठेवले, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत कलम १५२ च्या रूपाने त्याचा वारस हजर आहे. निवृत्तीनंतरच्या मानसन्मानांचा प्रश्नही मिटलेला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात निवृत्त झालेले सरन्यायाधीश २०२० च्या मार्चमध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. येथे प्रश्न एका व्यक्तीच्या सचोटीचा नाही. सरकारविरुद्धचे खटले ऐकणाऱ्याला सरकारकडूनच पद मिळू शकते, ही रीतच न्यायावरचा विश्वास पोखरते.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. कलम ४३ड(५) रद्द करा. खटला न चालवता वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेल्या राजकीय बंद्यांना जामीन द्या. निवृत्त न्यायाधीशांना काही वर्षे कोणतेही सरकारी पद देण्यास कायद्याने बंदी घाला. चांगल्या न्यायाधीशाची वाट पाहत बसणे हे लोकशाही चळवळीचे धोरण होऊ शकत नाही. तैयबजी दुर्मीळ असतात, दावर मात्र प्रत्येक राजवटीला सापडतात. १९०८ च्या कामगारांनी हे ओळखले होते.