बॉक्स बदलायची घाई कशाला?
पॉवर स्टिअरिंगखाली तेल दिसलं, की गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, स्टिअरिंग बॉक्सच बदलू.’ माझा याला साफ विरोध. माझी मर्सिडीज डब्ल्यू-१२४, पुण्यात १९९५ साली जुळणी झालेली. तेल ठिबकतं खाली, गळती असते वर: कधी परतीच्या नळीची ढिली क्लिप, कधी पंपाच्या शाफ्टचं सील. आधी सगळं धुऊन कोरडं करा, इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला लावा आणि टॉर्च मारून बघा. बॉक्सच्या खालच्या शाफ्टचं सील गेलं असलं तरी तेवढंच बदलता येतं. मात्र शाफ्टला खाच पडली असेल तर नवं सीलही टिकत नाही. आणि ते गळती थांबवायचं बाटलीतलं औषध? रबर फुगवून चार दिवस गप्प बसवतं, बस. त्यापेक्षा मी डिकीत तेलाचा डबा ठेवून हिंडेन.