खलील, कलीम, अमीन... या नावांमागे कोणाची गोष्ट आहे?

खलील, कलीम, हबीब, अमीन ही नावे महाराष्ट्रात शाळेच्या हजेरीपटापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळीकडे दिसतात. इस्लामी परंपरेत हे शब्द प्रेषितांच्या बिरुदांशी जोडलेले आहेत, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

कोणाचे बिरुद कोणते?

● आदम – सफीउल्लाह : अल्लाहने निवडलेला
● इब्राहीम – खलीलुल्लाह : अल्लाहचा जिवलग मित्र
● मूसा – कलीमुल्लाह : अल्लाहशी संवाद साधणारा
● ईसा – रूहुल्लाह : अल्लाहकडून आलेला आत्मा
● मुहंमद – हबीबुल्लाह : अल्लाहचा लाडका

आधार काय?

इब्राहीम यांना 'खलील' केल्याचा उल्लेख कुराणाच्या चौथ्या अध्यायात (आयत १२५) आहे. अल्लाह मूसांशी थेट बोलला, हे त्याच अध्यायात (आयत १६४) येते. मुहंमद यांना ३३व्या अध्यायात 'खातमुन्नबीय्यीन', म्हणजे प्रेषितांच्या मालिकेची सांगता करणारे, म्हटले आहे. 'हबीबुल्लाह' मात्र हदीस आणि परंपरेतून रूढ झाले.

गैरसमज कुठे होतो?

'रूहुल्लाह' म्हटल्यामुळे ईसा, म्हणजेच येशू, ईश्वर ठरत नाहीत. ज्या आयतीत (४:१७१) हा उल्लेख आहे, तीच त्यांना ईश्वर मानण्यास मनाई करते. बिरुदाचा अर्थ संदर्भ सोडून लावला, तर तो असा उलटा होतो.

दुरावा नव्हे, दुवा

यातील मुहंमद वगळता बाकीची नावे बायबलमध्ये आदम, अब्राहम, मोशे, येशू अशी भेटतात. अब्राहमला देवाचा मित्र बायबलमध्येही म्हटले आहे. त्यांची समाधी जिथे मानली जाते, त्या हेब्रॉन शहराचे अरबी नावच 'अल-खलील' आहे. आज त्याच शहरात ज्यू आणि मुस्लिम यांच्यात तीव्र संघर्ष आहे. एकाच 'मित्रा'चा वारसा सांगणाऱ्यांनी त्याच्या दारात भांडावे, हा विरोधाभास बोचणारा आहे.

म्हणूनच या बिरुदांकडे मोठेपणाची उतरंड म्हणून पाहणे योग्य नाही. मैत्री, संवाद, प्रेम असे एकेक नाते त्यांतून कळते. 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, हे बिरुद तर परंपरेनुसार मुहंमद यांना प्रेषितत्वापूर्वीच मक्केच्या लोकांनी दिले. ते सचोटीच्या व्यवहारातून मिळाले होते. शेजारच्या अमीनला हाक मारताना एवढा अर्थ माहीत असला, तरी परकेपणा थोडा कमी होईल.