कारखान्याच्या फाटकाबाहेरचे रुग्णालय

पिंपरीत पहिला मोठा कारखाना उभा राहिला तो औषधाचा. १९५४ साली केंद्र सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तंत्रज्ञान व यंत्रसामग्री यांचे साह्य दिले आणि १९५५ पासून येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले हे औषध देशातील सामान्य माणसाच्या आवाक्यात यावे, हा त्यामागचा उद्देश होता. स्कूटर आणि मालमोटारी येथे आल्या त्या साठच्या दशकात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळही १९६२ सालचे. आज मोटार उद्योगाचे केंद्र म्हणून मिरविणाऱ्या या पट्ट्याचा पाया सार्वजनिक आरोग्याच्या एका कल्पनेवर घातला गेला होता, याची आठवण आता फार थोड्यांना आहे. त्या कल्पनेचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या शेडमध्ये आज रात्रपाळीला उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचा तो प्रश्न आहे.

कारखाने आले त्या वेगाने रुग्णालय आले नाही. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका अस्तित्वात आली. तिच्या स्थापनेत अण्णासाहेब मगर यांचा पुढाकार होता. १९७१ च्या जनगणनेत या नगराची वस्ती एक लाखाच्या आतबाहेर होती. ती १९९१ मध्ये पाच लाखांवर, २००१ मध्ये दहा लाखांवर आणि २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. मराठवाड्यातून, विदर्भातून, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून आणि पुढे उत्तर भारतातून माणसे येत राहिली. आरंभीची कित्येक वर्षे यांपैकी कोणाला गंभीर दुखणे आले, तर त्याला मोठा सरकारी आधार होता तो पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयाचा. ते १८६७ साली सुरू झालेले, दुसऱ्या काळासाठी आणि दुसऱ्या शहरासाठी बांधलेले.

१९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि १९८९ च्या सुमारास संत तुकारामनगरात यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले. ७५० खाटांचे रुग्णालय एखाद्या तरुण महापालिकेने उभारावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. ते कशाच्या बळावर उभे राहिले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. पिंपरी-चिंचवडचा कारभार त्या काळी मुख्यतः जकातीवर चाले. कारखान्यात येणारे पोलाद, रबर, रसायने, सुटे भाग यांवर नाक्यानाक्यावर जकात भरली जाई आणि म्हणूनच ही महापालिका देशातील धनिक महापालिकांत गणली जाई. कारखानदार ती रक्कम भरत असला तरी ती काही त्याच्या दानशूरपणातून येत नव्हती. कामगाराच्या श्रमाने ज्या मालाचे मोल वाढे, त्या वाढीव मोलाचाच एक अंश जकातीच्या रूपाने नगराच्या तिजोरीत पडे. या अर्थाने ‘वायसीएम’ हे कामगाराला न मिळालेल्या वेतनातून उभे राहिलेले रुग्णालय आहे. तेथे उपचार घेणारा माणूस कोणाचे उपकार घेत नाही. तो आपलेच थोडेफार परत घेतो.

रुग्णालय उभे राहिले की त्याच्याभोवती एक वस्तीही आकार घेते. वल्लभनगरच्या एस.टी. स्थानकावर उतरून जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ तालुक्यांतील रुग्ण या दारात येतात. नेहरूनगर, खराळवाडी, कासारवाडी या भागांचे रोजचे व्यवहार रुग्णालयाशी बांधले गेले आहेत. औषधांची दुकाने, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, खानावळी, रिक्षाथांबे, रुग्णवाहिकांची रांग अशी एक समांतर अर्थव्यवस्था सार्वजनिक रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर उभी राहते. आतील औषध संपले की चिठ्ठी बाहेर जाते. आतील यंत्र बंद पडले की रुग्ण बाहेर जातो. सार्वजनिक सेवेतील प्रत्येक उणीव म्हणजे कुंपणाबाहेर कोणाची तरी मिळकत असते. परिसरातील झोपडपट्ट्यांतील स्त्रिया याच व्यवस्थेत साफसफाईची व रुग्णसेवेची कामे करतात आणि त्यांतील पुष्कळ कामे आज ठेकेदारामार्फत दिली जातात. म्हणजे कामगाराच्या रुग्णालयातही कामगार कंत्राटीच! १९९६ मध्ये याच संत तुकारामनगरात खासगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका बाजूला महापालिकेचे रुग्णालय, दुसऱ्या बाजूला खासगी शिक्षणसंस्थेचे, आणि थोड्याच अंतरावर आजारी पडलेला पेनिसिलीनचा कारखाना, असे स्वातंत्र्योत्तर आरोग्यधोरणाचे संपूर्ण चित्र एका वस्तीत पाहावयास मिळते.

त्या कारखान्याची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९९१ नंतर स्वस्त आयातीचे दरवाजे उघडले गेले आणि १९९७ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक औषध कंपन्यांची देणी भागविण्यासाठी त्यांची जादा जमीन विकण्यास मान्यता दिली. तीत या कंपनीचाही समावेश होता. पुढे २०२० मध्ये पेनिसिलीनच्या मूळ द्रव्यासाठी देश परदेशावर अवलंबून असल्याचे ध्यानात आले, तेव्हा त्याच केंद्र सरकारने खासगी उत्पादकांसाठी प्रोत्साहन अनुदान जाहीर केले. आपल्या मालकीचे झाड वाळू द्यायचे आणि नंतर फळांसाठी शेजाऱ्याला पैसे मोजायचे, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

येथवर दोष सरकारचा व भांडवलाचा आहे. परंतु कामगार चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. रुग्णालय सुरू झाले त्याच काळात, १९८९ मध्ये, टेल्कोच्या कामगारांचा लढा शनिवारवाड्यावरील उपोषणापर्यंत पोहोचला होता. या पट्ट्यातील कामगार संघटनांनी त्या काळात मोठी झुंज दिली. वेतनकरार केले; महागाई भत्ता, बोनस आणि त्याबरोबर कुटुंबासह वैद्यकीय सवलतीही पदरात पाडून घेतल्या. ही कमाई लहान नव्हती. मात्र ती फाटकाच्या आत राहिली. कायम कामगार कंपनीच्या योजनेतून खासगी रुग्णालयाकडे वळला आणि सार्वजनिक रुग्णालय हे ‘ज्यांना दुसरे काही नाही’ त्यांच्यासाठी उरले. मागणीपत्रांत त्याला क्वचितच जागा मिळाली. ज्यांच्या आवाजाला वजन होते त्यांनी पाठ फिरविली आणि ज्यांना गरज होती त्यांच्या आवाजाला वजन नव्हते. एखादी सार्वजनिक संस्था दुर्बळ होण्यास याहून वेगळे कारण लागत नाही.

याच्या उलट उदाहरण वेल्समधील ट्रेडेगार या खाणगावाचे आहे. तेथील कामगारांनी मजुरीतून वर्गणी काढून वैद्यकीय साह्य मंडळ चालविले होते. त्याच गावचा खाणकामगार अन्युरिन बेव्हन मजूर पक्षाच्या सरकारात आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी साऱ्या ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. खाणीच्या फाटकावर मिळालेली सोय त्याने फाटकाबाहेरच्या प्रत्येक माणसाला मिळवून दिली. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, हे तत्त्व मांडले होते. ते अहवालात राहिले.

राज्य कामगार विमा योजनेने ही दरी काही अंशी भरून काढावी, अशी अपेक्षा होती. १९४८ चा कायदा, १९५२ मध्ये प्रत्यक्ष आरंभ, आणि चिंचवडच्या मोहननगरात १०० खाटांचे रुग्णालय, अशी तिची येथील रूपरेषा आहे. पण योजनेला वेतनाची मर्यादा आहे. जानेवारी २०१७ मध्ये ती दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली; जादा कामाच्या चार पैशांनी नव्हे, तर साध्या वेतनवाढीने कामगार तिच्या बाहेर फेकला जातो. दुसऱ्या टोकाला ठेकेदार नोंदणीच टाळतो आणि यंत्राखाली बोटे गेल्यानंतर कार्डाची धावपळ सुरू होते. योजनेकडे हजारो कोटींची शिल्लक साचलेली असताना १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणला गेला, आणि त्यात मालकांचा वाटा पावणेपाचवरून सव्वातीन टक्के झाला. खाटा वाढविण्याऐवजी मालकाचा भार हलका करण्यात आला.

आता चाकणकडे पाहू. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना तेथे सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, त्यापाठोपाठ महिंद्रा. भांडवल इंद्रायणीपलीकडे गेले, तेव्हा ते महापालिकेच्या हद्दीबाहेर आणि जकातनाक्याबाहेरही गेले. आकुर्डी-पिंपरीच्या कारखान्यांनी निदान नगराच्या तिजोरीत भर घातली आणि तिच्यातून रुग्णालय झाले. चाकणच्या भरभराटीतून तसे रुग्णालय निघाले नाही, कारण तेथे कर घेणाऱ्या होत्या त्या ग्रामपंचायती. चाकणला नगरपरिषद मिळाली तीच २०१५ मध्ये. सरकारी आधार म्हणजे शेतकरी गावांच्या हिशेबाने आखलेले ग्रामीण रुग्णालय. शासकीय मापदंडात असे रुग्णालय तीस खाटांचे असते. रात्री अपघात झाला, तर कामगाराला पुणे-नाशिक रस्त्याच्या वाहतुकीतून पिंपरी गाठावी लागते. तोवर वाटेवरच्या खासगी रुग्णालयाचे बिल त्याच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतके झालेले असते.

आणि हे फक्त हद्दीबाहेर घडते असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तळवडे येथे वाढदिवसाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. मृतांत बहुतेक स्त्रिया होत्या. परवान्यावाचून चालणारी शेड, रोजंदारीवरच्या बाया, विम्याचा पत्ता नाही आणि भाजलेल्यांना थेट पुण्याच्या ससूनपर्यंत न्यावे लागणे: औद्योगिक पट्ट्याची साठ वर्षे आणि त्या पट्ट्यातील आरोग्यव्यवस्था यांचा हिशेब त्या एका दिवसात मांडला गेला.

यावर सांगितले जाते की पैसा नाही आणि अधिकारांची गुंतागुंत आहे. २०२० मध्ये ही सबब खोटी ठरली. वायसीएम कोविडसाठी राखून ठेवल्यावर नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने काही आठवड्यांत आठशे खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे केले. राज्य सरकार, महापालिका आणि प्राधिकरण यांना एकत्र येता येते, हे त्या वेळी सिद्ध झाले. साथ ओसरली, मांडव उतरला आणि एकत्र येणेही संपले. कारखान्यातील अपघाताला मात्र साथीसारखी ओहोटी नसते.

आणखी एक सबब अशी की महापालिकेच्या करदात्याने चाकणच्या रुग्णाचा भार का वाहावा? चाकणला काम करणारा भोसरीत भाड्याने राहतो, भोसरीत बनलेला सुटा भाग चाकणच्या मोटारीत बसतो. नफ्याला हद्द नसेल, तर उपचाराला ती असण्याचे कारण नाही. आजची विसंगती पाहा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. महापालिकेची रुग्णालये त्या निर्णयाच्या कक्षेत नव्हती. फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड हाती आले, पण कार्डाने खाट निर्माण होत नाही. सार्वजनिक पैसा खासगी खाटेकडे वळतो इतकेच.

म्हणून पुढील मागण्या पक्षाने आणि कामगार संघटनांनी एकत्रितपणे हाती घेतल्या पाहिजेत. पिंपरी, भोसरी, तळेगाव आणि चाकण या संपूर्ण पट्ट्यासाठी एकच सार्वजनिक रुग्णालय व्यवस्था असावी आणि तिच्यात महापालिका, जिल्हा परिषद, विमा महामंडळ व औद्योगिक विकास महामंडळ यांनी निधी घालावा. प्रत्येक कारखान्याकडून कायम व कंत्राटी अशा एकूण कामगारसंख्येवर आरोग्य अधिभार घ्यावा. चाकणमध्ये अपघात, भाजणे व व्यावसायिक आजार यांसाठी सुसज्ज विभाग व्हावेत. अपघातग्रस्ताच्या केसपेपरवर कारखान्याचे व ठेकेदाराचे नाव नोंदविणे सक्तीचे असावे; एवढ्या एका ओळीने पुष्कळ दडलेले उजेडात येईल. मोशीला महापालिकेने हाती घेतलेले मोठे रुग्णालय चालविण्यास खासगी संस्थेकडे सोपविले जाणार नाही, याची लेखी हमी मिळविली पाहिजे. मार्च २०२२ नंतर महापालिकेचा कारभार दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिला. लोकप्रतिनिधींच्या गैरहजेरीत सार्वजनिक मालमत्तेचे निर्णय होत राहणे किती घातक असते, याचा धडा विसरता कामा नये.

मात्र ही मागणी निवेदनांनी पुरी होणार नाही. कायम कामगाराच्या संघटनेने आपल्या पुढील वेतनकराराच्या मसुद्यात फाटकाबाहेरच्या रुग्णालयाचे कलम घातले, तरच तिला बळ येईल. आज कायम असलेल्याचा मुलगा बहुधा कंत्राटावरच लागणार आहे. ज्या दिवशी त्याचा हात यंत्रात सापडेल त्या दिवशी बापाच्या कंपनीची सवलत उपयोगी पडणार नाही. उपयोगी पडेल ते सार्वजनिक रुग्णालय, जर ते तोवर टिकले असेल तर.