‘अधिक पाच’ म्हणजे कोण?

8 नोव्हेंबर 1888 रोजी ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. बोट जुनीपुराणी नव्हती. 1885 साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली. द्वारकेला तिने आणखी उतारू घेतले, खराब हवेमुळे पोरबंदरला ती लागलीच नाही, मांगरोळच्या बाजूला शेवटची दिसली आणि पुढे तिचा पत्ताच लागला नाही. सरकारने शोधासाठी बोटी पाठवल्या, चौकशी बसवली. चौकशीत बोटीवरच्या अपुऱ्या जीवरक्षक साधनांवर ठपका आला. तिचा सांगाडा आजतागायत सापडलेला नाही.

या बोटीवर गुजरातीत गाणी रचली गेली, कादंबरी आली. आम्हाला मात्र एकच गोष्ट डाचते. बोटीवर माणसे किती होती? कोणी 741 म्हणतात, कोणी 746, कोणी 798. लोककथेत तर हा आकडा 1300 वर जातो. बोट कुठे बुडाली हे समुद्राला विचारायचे, हे ठीक. पण तीत कोण होते, हे समुद्राला का विचारावे लागावे? तो हिशेब धक्क्यावरच मिळायला हवा होता.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावे, तर 18 डिसेंबर 2024 आठवते. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. लाँचला परवाना 84 प्रवासी आणि 6 खलाशांचा होता. बोटीत माणसे शंभरावर. वाचलेले किती, बेपत्ता किती, हे आकडे बदलत राहिले. दोष स्पीडबोटीचा होता, हे मान्यच. पण बेपत्ता किती हे ठरवायला आधी चढले किती हे कळावे लागते.

बेपत्ता नाविकांच्या कथा होडीतून लोकांना फिरवण्याच्या आपल्या व्यवसायात चवीने सांगितल्या जातात. उत्तरेकडचे निर्जन सरोवर, एकटा माणूस, उलटी होडी! कॅनडाचा चित्रकार टॉम थॉमसन याची कथा सर्वांत गाजलेली. 8 जुलै 1917 रोजी तो ॲल्गोनक्विनच्या अरण्यातल्या कनू लेकवर होडी घेऊन निघाला. आठ दिवसांनी मृतदेह मिळाला. अपघात की खून, यावर शंभर वर्षांनंतरही वाद चालू आहे. त्या वादात एक साधी बाब मागे पडते. त्याची होडी त्याच दिवशी उलटी तरंगताना दिसली होती, पण खरी धावपळ सुरू व्हायला दोन दिवस गेले. अमुक वेळेला परत आला नाही तर ओरड करायची, असे कोणाला सांगितलेलेच नसले की असेच होते.

सगळे सांगूनही माणूस सापडत नाही, असेही घडते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे 28 जानेवारी 2007 रोजी आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या बोटीने एकटाच निघाला. संध्याकाळी तो परतला नाही म्हणून पत्नीने कळवले, तटरक्षक दलाने लगेच शोध सुरू केला, हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रे चाळली. फळीही मिळाली नाही. तरी कुठे निघाला, कधी परतणार होता, हे पहिल्या रात्रीच माहीत होते. 2012 साली न्यायालयाने त्याला मृत घोषित केले.

बेपत्ता माणसाला मृत मानण्याची मुदत आपल्याकडे सात वर्षांची आहे. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम 108 होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 111. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानता येतो. पण कधी मेला, हे गृहीत धरता येत नाही. 2004 साली आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. म्हणजे मृत्यूची तारीख घरच्यांनी पुराव्याने दाखवायची, नाहीतर पॉलिसी जिवंत ठेवण्यासाठी हप्ते भरत राहायचे. ज्याची वाट पाहायची त्याच्याच नावाने! अशा वेळी ‘सकाळी साडेसहाला अमुक माणूस अमुक होडीत बसला’ ही शाईतली एक ओळ घरच्यांच्या हातातला मोठा पुरावा ठरते.

आता आपल्या बुकिंगच्या वह्या उघडू. देवबाग असो की कोलाड, नोंद बहुधा अशी असते: ‘सचिन अधिक पाच’, पुढे मोबाइल नंबर आणि रक्कम. तो मोबाइल सचिनच्याच खिशात, म्हणजे होडीत. पाचांची नावे कोणाकडे नाहीत. रकमेत मात्र चूक सापडायची नाही.

‘आमच्याकडे खोल समुद्र नाही’ हे उत्तर इथे मुंबईत, विक्रोळीला तर चालायचे नाही. इथून तिवरांपलीकडे ठाणे खाडी, समोर ऐरोलीचे दिवे. उधाणाला इथे पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. ओहोटीची वेळ चुकली की होडी गाळात बसते आणि उतरलेला माणूस मांडीभर चिखलात रुततो. महामार्गावरच्या गाड्यांचा आवाज येत असतो आणि त्याची हाक तिवरांतच विरते.

या अंकासोबत एक सुटे पान दिले आहे. होडीतल्या प्रत्येकाचे नाव, वय आणि घरचा नंबर, जाण्याची वाट, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा, परतण्याची वेळ, आणि त्यानंतर किती मिनिटांनी कोण 1554 वर तटरक्षक दलाला फोन करणार. हे पान होडीत न्यायचे नाही. पाण्यावर न जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचे. चहावाला असला तरी चालेल, फक्त त्याने घड्याळ पाहायला हवे. गिऱ्हाईक कटकट करते, अशी तक्रार येईल. रविवारच्या गर्दीत सहा नावे लिहायला दोन मिनिटे जातात आणि रांग खोळंबते, हेही खरे. मग रांगेतच पान फिरवा, लोक लिहून देतात. जो नाव द्यायला तयार नाही, त्याला होडीत घेऊ नका.