‘मोफत’ ब्रॉडबँडचे बिल

ब्रिटनमधील मोबाइलविक्रेती कंपनी ‘कारफोन वेअरहाऊस’ने एप्रिल २००६ मध्ये ‘टॉकटॉक’ या नावाने कायमस्वरूपी मोफत ब्रॉडबँडची घोषणा केली. ग्राहकांची अशी झुंबड उडाली की, जोडण्या देताना कंपनीची दमछाक झाली. हे ‘मोफत’ मिळवण्यासाठी दूरध्वनी जोडणीचे भाडे आणि कॉलची योजना मिळून दरमहा सुमारे २१ पौंड मोजावे लागत. शिवाय सुरुवातीला ३० पौंडांचे जोडणी शुल्क होते आणि १८ महिन्यांचा करारही. पाठोपाठ ‘स्काय’ने आपल्या टीव्ही ग्राहकांना, तर ‘ऑरेंज’ने मोबाइल ग्राहकांना अशीच भेट देऊ केली.

तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने त्याच वर्षी ‘टॉकटॉक’ची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पण एका शब्दाला चाप लावून प्रश्न सुटला नाही. ब्रॉडबँडचा दर ठळक अक्षरांत आणि सक्तीचे लाइनभाडे तळटीपेत, ही कसरत पुढे दहा वर्षे चालली. जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा जाहिराती प्रथम पाहून दरमहा एकूण खर्च अचूक सांगू शकलेले जेमतेम २३ टक्के निघाले. अखेर ३१ ऑक्टोबर २०१६ पासून लाइनभाड्यासह एकच रक्कम दाखवण्याचे बंधन आले. खरा इलाज हाच होता. तो सुचायला दशक जावे, हे नवलच!

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. प्रतिसाद देण्याचा अटळ खर्च आणि वस्तू आणण्याचा वा घरपोच मिळवण्याचा खर्च वगळता ग्राहकाला काही मोजावे लागत असेल, तर ‘मोफत’ म्हणता येत नाही. उल्लंघनाला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शब्दाचा बंदोबस्त झाला. मात्र बेरीज अजून ग्राहकाच्याच माथी आहे. ३९९ रुपयांची योजना १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडते आणि हा कर जाहिरातीत बहुधा तारांकित चिन्हामागे असतो. ‘जोडणी मोफत’ असली, तरी त्यासाठी अनेकदा सहा वा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात. मध्येच घर बदलणाऱ्या भाडेकरूने, त्या पत्त्यावर सेवा नसेल तर उरलेले पैसे परत मिळणार का, हे भरण्याआधीच लेखी विचारून घ्यावे.